घाटाकडलं दार

आत्याला हाक मारायची तर तीनदा मारावी लागे. पहिल्या हाकेला ती काही ऐकूच आलं नाही अशी तांदूळ निवडत राही, दुसऱ्या हाकेला हात थांबत पण मान वळत नसे, आणि तिसरी हाक मारली की लगेच "काय गं?" म्हणून हसून बघे. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, बाईला कमी ऐकू येतं. मग लक्षात आलं की फाटकाशी कुणी सायकल टेकवली तर ते आम्हा सगळ्यांच्या आधी तिला कळतं. घरातल्यांच्या हे अंगवळणी पडलं होतं. स्वयंपाकीण तीनदा हाक मारी, मासेवाली तीनदा मारी, आणि ज्यांच्या एका हाकेवर मैदान भरतं असं लोक म्हणत, ते पिशेमोशायसुद्धा जिन्याखाली उभे राहून स्वतःच्या बायकोला तीनदा हाक मारत. मला ते पाहून हसू येई. सतराव्या वर्षी कशाचंही हसू येतं.

पिशेमोशाय म्हणजे आत्याचा नवरा, नाव अविनाश. आत्याच्या नवऱ्याला बंगालीत असंच म्हणतात, आणि आम्ही तिसऱ्या पिढीचे कोलकात्याचे मराठी, त्यामुळे आमच्या तोंडी तेच बसलं होतं. ते मोठे पुढारी होते, विधानसभेत होते, आणि गोऱ्यांच्या काळात तुरुंगात जाऊन आले होते. आत्याही जाऊन आली होती, आणि त्यांच्यापेक्षा जास्त दिवस राहून आली होती, हे मला माझ्या वडिलांनी सांगितलेलं, तेही दबक्या आवाजात. आजोबांनी तिला कॉलेजात घातलं आणि तिथून ती एका गुप्त गटात गेली, पिस्तुलं पोचवू लागली, नाव बदलून राहू लागली. आमच्या घरात त्याचा अभिमान होता आणि लाजही होती. लाज कशाची, तर ती काही महिने एका परक्या मुलाबरोबर नवरा-बायको म्हणून राहिली होती. ते सोंग होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आजी मरेपर्यंत तो विषय निघाला की उठून आत जायची.

माझे वडील खिदिरपूरला गोदीत कस्टमच्या नोकरीत होते. त्यांची विशाखापट्टणमला बदली झाली आणि माझी परीक्षा बुडू नये म्हणून मला बराकपूरला आत्याकडे ठेवलं. नदीकाठचं घर, पुढे फाटक आणि रस्ता, मागे थेट गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. भरतीला पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढे. या पायऱ्यांकडे उघडणारं एक जाड दार स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात होतं, आणि ते कायम बंद असे. अडसर इतका गंजला होता की तो लाकडाचाच भाग वाटे. मी एकदा विचारलं, "आत्या, इथून नदीवर जायला किती सोपं पडेल, दार का नाही उघडत?" ती म्हणाली, "ओल येते." ओल तशीही येत होती. बोळातली फरशी वैशाखातसुद्धा थंडगार आणि घामेजलेली असे, आणि दाराच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी पोचायचं काही कारण नव्हतं, तिथे पुष्कळदा सकाळी एक ओला डाग दिसे. स्वयंपाकीण तो न बोलता पुसून टाकी.

घरात जेवण अर्धं आमचं आणि अर्धं त्यांचं असे. वरणावर गंधराज लिंबू, थालीपीठ मोहरीच्या तेलात, आणि पानात एका कडेला मेतकूट तर दुसऱ्या कडेला पोस्त, म्हणजे खसखस, घातलेली भाजी. आत्या मासे स्वतः खात नसे पण उत्तम करी. बाहेरच्या खोलीत दिवसभर कार्यकर्ते असत, त्यांच्यासाठी मुढीचे, म्हणजे चुरमुऱ्यांचे, डबे आणि चहाची किटली सतत फिरत राही. कुणी नवीन माणूस आला की पिशेमोशाय त्याला फाटकाबाहेर नेऊन कदंबाचं झाड दाखवत. "इथे. इथे माझ्या मांडीवर सुबलनं प्राण सोडला. शेवटचा शब्द होता, स्वाधीन." बंगालीत स्वाधीन म्हणजे स्वतंत्र. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई. मला ती कहाणी इतकी पाठ झाली की कुठल्या वाक्याला त्यांचा आवाज कापणार हे मी आधी सांगू शकले असते. आत्या अशा वेळी चहाचे कप गोळा करून आत जायची. एवढं मोठं आयुष्य मागे असलेली बाई, पण त्या घरात तिची ओळख काय, तर पुढाऱ्याची बायको आणि चहा चांगला करते.

मी पुढे आयुष्यभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसले आहे, आणि आजही हसते. तेव्हा आता जे लिहिते आहे ते वाचून कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही.

दुपारी जेवणं झाली की कार्यकर्ते पांगत, स्वयंपाकीण घरी जाई आणि घर एकदम रिकामं होई. जवळच्या लष्करी छावणीतला बिगुलसुद्धा त्या वेळी वाजत नसे. मी वरच्या खोलीत पुस्तक घेऊन पडत असे. तेव्हा पहिल्यांदा ती हाक ऐकली. पुरुषाची, तरुण, फार मोठी नाही. "पारुल." मला वाटलं होडीवरून कुणी कुणाला बोलावतंय. थोड्या वेळाने पुन्हा, जरा ओढल्यासारखी, "पारुल." मग काही नाही. तुम्ही कधी नळाखाली बादली लावून ती भरायची वाट पाहिली असेल तर कळेल, कान आपोआप पुढच्या आवाजासाठी थांबतात. माझे तसे थांबले. पुढचा आवाज आला नाही. मी पाणी प्यायला खाली आले तर आत्या बोळाच्या तोंडाशी उभी होती, दाराकडे तोंड करून, आणि तिचा उजवा हात अडसर धरल्यासारखा हवेत तसाच होता. मी तिला हाक मारली नाही. कशी मारणार? पलीकडच्या तीरावरच्या चटकलीचा, म्हणजे तागाच्या गिरणीचा, भोंगा झाला तसा तिचा हात खाली आला आणि ती वळून म्हणाली, "चहा टाकू का गं?"

त्यानंतर ते अधूनमधून होत राहिलं. नेहमी भरतीच्या दुपारी, नेहमी दोनदा. मी स्वयंपाकिणीला विचारलं, पारुल कोण? ती म्हणाली, या घरात त्या नावाचं कुणी नाही, आणि तू त्या नावाला ओ देऊ नकोस. मग तिने मला निशीची गोष्ट सांगितली. बंगालात लहान मुलांनासुद्धा ठाऊक असते. ओळखीच्या आवाजात कुणी तुमचं नाव घेऊन बोलावतं, तुम्ही ओ दिलीत की तुम्ही तिच्यामागे चालू लागता आणि परत येत नाही. पण निशीला दोनच हाका येतात, तिसरी मारता येत नाही. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं की हे सगळं अडाणीपण आहे. आणि त्या रात्रीपासून उशाशी दिवा ठेवून झोपू लागले.

पारुल कोण ते मला आत्यानेच सांगितलं. त्या वर्षी सुबलच्या स्मारकाची वेदी नव्याने बांधून झाली होती, फाटकाबाहेर कदंबाखाली, आणि तिचं उद्घाटन ठरलं होतं. दर वर्षी त्या दिवशी सुबलची आई बजबजहून दोन गाड्या बदलून यायची, तिला स्टेजवर बसवून शाल द्यायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने ती परत जायची. घरातले सगळे तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात जेवताना आत्या पिशेमोशायना म्हणाली, "यंदा मी माशीमांना सांगणार आहे." त्यांचा घास हातातच राहिला.

"सुमती," ते म्हणाले, "तीस वर्षं ती बाई माझ्या त्या कहाणीवर झोपते आहे. तिचा मुलगा एकटा मेला नाही, माणसाच्या मांडीवर मेला, एवढंच तिच्याकडे आहे. ते तू काढून घेणार? तुझं ओझं हलकं करायला तिच्या डोक्यावर देणार?"

आत्याने वरणाची पळी पुन्हा भांड्यात ठेवली.

"निवडणूक आहे म्हणून मी म्हणत नाही," ते पुढे म्हणाले. पुढाऱ्याने असं म्हटलं की काय समजायचं ते समजावं. पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की तो नुसता निवडणुकीचा चेहरा नव्हता. त्यांचे डोळे भरले होते आणि आजूबाजूला ते बघायला मैदान नव्हतं.

त्या दुपारी मी आत्याला विचारलं. ती कपाटातली पातळं पुन्हा घडी घालत होती, आणि घडी घालता घालता तिने मराठीत सगळं सांगितलं. बंगालीत ती ते कुणाला सांगू शकली नव्हती. भिंतींना बंगाली कळतं, म्हणाली. याच घरात ते दोघं राहिले होते, सुबल आणि ती. तिचं नाव पारुल होतं, हातात शंखाच्या बांगड्या होत्या आणि भांगात सुबलच्या नावाचं कुंकू होतं. पोलीस दारावर साध्या वेशात येत, आपल्यातल्याच कुणाचा आवाज काढत, म्हणून काही खूण हवी होती. खूण सुबलनेच ठरवली. घाटाकडल्या दाराशी येऊन तीनदा हाक मारायची, मधे थांबून. तीनच. दोन हाकांना दार उघडायचं नाही, कुणीही असो. गटातली शिकलेली मुलं हसली त्याला. तो म्हणाला, पोलीस तिसरी हाक मारत नाहीत, ते दार मोडतात.

"मग?"

"मग एक दिवस तो दुपारी गेला आणि मी भात झाकून बसले. भरती चढत होती. दाराशी हाक आली, पारुल. आवाज त्याचाच. मी इथून उठून गेले, अडसराला हात लावला. परत आली. पारुल. मी थांबले. पुढची आली नाही. बाहेर काहीतरी घासल्यासारखं झालं. मला वाटलं, ते आहेत. त्याला धरून आणलंय आणि त्याच्याकडून हाक मारवतायत, आणि तो मुद्दाम तिसरी देत नाहीये, मला वाचवायला. मला त्याचा अभिमान वाटला गं. मी अडसर धरून उभी राहिले भोंगा होईपर्यंत, आणि मग ठरल्याप्रमाणे पुढच्या दाराने निघून गेले." तिने पातळाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्याला गोळी लागली होती. पोहत आला होता. तिसऱ्या हाकेपुरता श्वास नव्हता त्याच्यात."

प्रेत पायऱ्यांवर सापडलं ते त्याच गटातल्या पिशेमोशायना, ते अंधार पडायच्या आधी होडीतून आले तेव्हा. तिथे ते पोलिसांना मिळालं असतं तर हे घर आणि आत्या दोन्ही गेली असती. म्हणून अंधार पडताच त्यांनी ते उचलून घराला वळसा घालून रस्त्यावर कदंबाखाली नेलं. तेव्हा मांडीवर घेतलं असेलच. तेवढ्यातून कहाणी झाली. आधी ती पोलिसांसाठी होती, मग गटासाठी, म्हणजे आत्याला कुणी बोल लावू नये म्हणून. मग ती सभांसाठी झाली. मी आत्याला विचारलं, तुझं त्याच्यावर प्रेम होतं का? ती म्हणाली, "तसं विचारायची आमच्यात पद्धत नव्हती." मग हातातलं पातळ कपाटात ठेवून म्हणाली, "त्याच्या आईला हे ठाऊक नाही, आणि मी तिच्या हातचे मोआचे लाडू खाते दर वर्षी. घशाखाली उतरत नाहीत. आता ती थकली आहे. ती गेली तर मी कुणाला सांगू?"

उद्घाटनाच्या दिवशी माशीमा सकाळीच आल्या. वाळकी, काळसर, पांढरं बिनकाठाचं पातळ, हातात गमछ्यात बांधलेले गूळ-मुढीचे मोआ. "यंदा शाल नको गो," त्या आत्याला म्हणाल्या, "बजबजमध्ये थंडी पडते ती किती? सगळ्या गल्लीला वाटून झाल्या, आता मांजराला पांघरते." आम्ही जेवलो. पिशेमोशाय मांडवात होते, जाताना आत्याकडे नुसतं बघून गेले होते. लाउडस्पीकरवर कुणी तरी हॅलो हॅलो म्हणत होतं आणि ते दुपारच्या उन्हात फार लांबचं वाटत होतं. माशीमा बोळाशेजारच्या ओट्यावर पाय सोडून बसल्या, पान लावू लागल्या, आणि आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मी उठून जाऊ लागले तर आत्याने माझा हात धरून ठेवला.

तिने सांगितलं. या वेळी बंगालीत, हळू, एकही शब्द न गाळता. मी माशीमांच्या हाताकडे बघत होते. चुन्याचं बोट पानावर होतं ते तिथेच राहिलं. सांगून झाल्यावर आत्याने डोकं त्यांच्या पायांशी टेकलं आणि तशीच राहिली. मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, शाप देईल. मला तर वाटत होतं द्यावा, म्हणजे आत्या सुटेल एकदाची.

माशीमा पान डब्यात ठेवत म्हणाल्या, "म्हणजे तो घरापर्यंत आला होता."

"हो माशीमा."

"भात होता?"

"झाकून ठेवला होता."

"मग बरं." त्यांनी चुन्याचं बोट पदराला पुसलं. "मी समजत होते रस्त्यावर मेला. अविनाश चांगला आहे, पण मांडी झाली तरी परक्याची. हा घरी आला होता." आणि मग, जणू विसरलेलं काही आठवलं म्हणून, म्हणाल्या, "तीन हाकांचं मीच शिकवलं होतं त्याला. लहानपणी फार भित्रा होता."

नदीवर होडीवाल्यांचा ओरडा झाला, "बान! बान!" भरतीची मोठी लाट वर येताना ते असे ओरडतात आणि होड्या मधे नेतात. लाट घाटावरून गेल्याचा आवाज दाराबाहेर झाला. पाणी पायऱ्यांवर चढलं, परतलं. मग ती हाक आली. मी ऐकली. आत्याने ऐकली, तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. कुठलं नाव घेतलं होतं ते मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मला नेहमीचं वाटलं. पण माशीमा चटकन उठल्या, इतक्या चटकन की पानाचा डबा उपडा झाला, आणि पहिल्याच हाकेला, आई स्वयंपाकघरातून ओ देते तशी त्यांनी ओ दिली. "जाई बाबा, जाई!" म्हणजे, आले रे, आले.

आत्या किंचाळली, "माशीमा, नाही!" माशीमा बोळात पोचल्या होत्या. दोन्ही हातांनी अडसर ओढत होत्या, आणि मागे वळून त्या मला म्हणाल्या, "ये ना गो पोरी, मला जोर नाही." मी गेले. का गेले ते सांगता येत नाही, पण त्या आवाजाला नाही म्हणणं शक्य नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून तो ओढला. गंजाचा खवला माझ्या तळहातात घुसला, त्याची खूण अजून आहे. दार आत आलं आणि इतका उजेड आला की क्षणभर काही दिसेना.

बाहेर कुणी नव्हतं. चकचकीत गढूळ पाणी, ओल्या पायऱ्या, दूर मधे एक होडी. माशीमा उंबऱ्यावर बसल्या. पाणी खालच्या दोन पायऱ्यांवर होतं आणि सर्वांत वरची पायरी ओली होती. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि ती पायरी पुसू लागल्या, हलक्या हाताने, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. "किती भिजलास," त्या म्हणत होत्या, "किती भिजलास रे." मी त्यांच्या मागे उभी होते. त्या पुसत होत्या तो दगड सुकत नव्हता. भर उन्हात, बाकीच्या पायऱ्या सुकत आल्या तरी तो सुकत नव्हता. मी ते बघितलं, आणि त्याचं उत्तर मी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत शोधलं नाही.

सभेची वेळ झाली तेव्हा पिशेमोशाय त्यांना न्यायला आले. फुलांचे हार गळ्यात, कपाळावर घाम. त्यांनी उघडं दार पाहिलं आणि ते बोळातच थांबले. "माशीमा, चला," ते म्हणाले, "लोक वाट बघतायत."

माशीमांनी मान वळवली नाही. "तू जा बाबा. माझा मुलगा आलाय."

 पिशेमोशायनी गळ्यातले हार काढले, ते कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना, शेवटी माझ्या हातात दिले. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ ते खाली वाकले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर राहिले. मग गेले. सभा झाली. त्या संध्याकाळी ते चार वाक्यं बोलून खाली बसले आणि मांडीची गोष्ट त्यांनी सांगितली नाही, असं लोक नंतर नवलाने बोलत होते. निवडणूक ते तरीही जिंकले.

माशीमा तशाच, शाल न घेता, संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. स्टेशनवर सोडायला मी गेले होते. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीशी शेजारची जागा हाताने झाडून मोकळी ठेवली, आणि गर्दी असूनही सुटेपर्यंत तिथे कुणी बसलं नाही. हिवाळा लागायच्या आत त्या गेल्याचा निरोप आला. झोपेत गेल्या, शेजारणीने सांगितलं, पहाटे एकदा मोठ्याने ओ दिली होती म्हणे.

निरोप ऐकून आत्या रडली नाही. ती म्हणाली, "तिला घेऊन गेला." मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं आता हिला मोकळं वाटेल, जे सांगायचं होतं ते सांगून झालं, ज्याला जायचं होतं तो गेला. किती लहान होते मी. तिने माझा हात दूर केला आणि कधी नव्हे त्या आवाजात म्हणाली, "तो माझ्याकडे येत होता गं. इतकी वर्षं माझ्याकडे."

परीक्षा झाल्यावर मी वडिलांकडे गेले, पुढे नोकरीला म्हणून कोलकात्याला परतले आणि इथलीच झाले. बराकपूरला जाणं होत राहिलं. आता आत्याला एकदा हाक मारली तरी पुरे, पहिल्या हाकेलाच ती दचकून उठायची आणि मग मला बघून तिचा चेहरा उतरायचा. पिशेमोशाय वारले तरी ती घर सोडून आली नाही. दर दुपारी भात झाकून ठेवायची, घाटाकडलं दार सताड उघडायची आणि भोंगा होईपर्यंत उंबऱ्यावर बसायची. पुढे ती चटकल बंद पडली, भोंगाही होईनासा झाला, तेव्हा ती अंधार पडेपर्यंत बसू लागली. पुष्कळ वर्षं जगली. कधी कधी मी तिच्याशेजारी जाऊन बसले आहे, आणि आम्ही दोघींनी कान देऊन ऐकलं आहे. भरती चढायची, उतरायची. कुणी एकदासुद्धा हाक मारली नाही.